घट्ट झाकणाच्या डब्यातला ब्रश

सोमवार

वही आणली. पन्नाशीत लग्न केलंस, आता बोलायला घरात माणसं मिळतील, असं सगळे सांगत होते. मिळाली, दोन मिळाली. त्यातली एक दिवसभर पोस्टाच्या खिडकीत बोलून बोलून दमून येते, आणि दुसरी माझ्याशी बोलत नाही. म्हणून वही.

दुसरी म्हणजे ठमी, बायकोची मुलगी. वय बारा. तिचे बाबा जाऊन तीन वर्षं झाली. मी या घरात आलो तो गेल्या हिवाळ्यात, दोन पेट्या आणि एक इस्त्री घेऊन. "आमच्याकडे इस्त्री आहे," हे तिचं माझ्याशी पहिलं वाक्य. त्यानंतर त्यात फारशी भर पडलेली नाही. वाईट वागत नाही हं. काका म्हणते, स्वतःचं ताट उचलते, खोलीत यायच्या आधी दार वाजवते. लॉजवर उतरल्यासारखी राहते. खरं तर उतरलोय मी.

आज कळलं ते असं. ठमीची आत्या दुसऱ्या गावात असते. तिने बोलावलंय, नव्या वर्षापासून इकडच्याच शाळेत ये, इथेच राहा. ही म्हणाली, "मी ठमीवरच सोडलंय. परीक्षा झाली की सांगते म्हणाली." एवढं बोलून हिने कांदे चिरायला घेतले आणि कांद्याच्या नावावर रडून घेतलं.

मी येण्याआधी आत्याने दोनदा विचारलं होतं म्हणे. दोन्ही वेळा पोरीने साफ नाही सांगितलं होतं. आता ती विचार करतेय. का, ते कळायला फार डोकं लागत नाही. ती गेली तर ही मला एका शब्दाने बोलणार नाही, आणि तेच मला झेपणार नाही.

बुधवार

शाळेला निघायच्या आधी ठमी बाथरूममध्ये जाऊन बसते. नळाचा आवाज नाही, ब्रशचा नाही, काही नाही. मी बाहेर खांद्यावर टॉवेल टाकून ताटकळत उभा. ही म्हणते, "या वयात मुली आरशात बघत बसतात, बघू द्या." ती बाहेर आली तेव्हा चेहरा अगदी शांत होता. मला म्हणाली, "काका, आरशामागच्या कपाटाचं दार उघडं ठेवत जाऊ नका."

टापटिपीचं भारी वेड आहे पोरीला. आईवर गेलेली नाही, एवढं नक्की.

गुरुवार

कवळ्यांच्या लॅबमध्ये बोट कापलं. घरी येऊन त्या आरशामागच्या कपाटात चिकटपट्टी शोधत होतो, तर मागे एक पत्र्याचा डबा सापडला. झाकण इतकं घट्ट की चमच्याच्या टोकाने उचकटावं लागलं. आत दाढीचा ब्रश.

अरे, काय वस्तू आहे! मूठ हस्तिदंती रंगाची, कमरेला पितळी कडं, वर बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचा झुपका. असे ब्रश आता दुकानात दिसत नाहीत. पण अवस्था बघवत नव्हती. केस वाळलेल्या साबणाने चिकटून त्यांचा खडा झालेला, मुठीला वरून खालपर्यंत चीर, झुपका खिळखिळा, पितळ काळंठिक्कर. आणि हे सगळं हवाबंद डब्यात! ब्रशला मोकळी हवा लागते, केस खाली करून टांगायचा असतो. डब्यात कोंडला की वास मारणारच.

हिला विचारलं. "ठमीच्या आजोबांचा आहे, मग तिच्या बाबांनी वापरला. मी टाकून देत होते, ठमीने ठेवला. असू दे."

माझे हात शिवशिवायला लागले. कवळ्या करण्यात आयुष्य गेलंय माझं. तुटलेलं जोडणं, झिजलेलं उजळणं, दुसऱ्याच्या तोंडचं हसू परत आणणं, याशिवाय मला येतं काय? आठवण म्हणून ठेवलाय ना पोरीने? मग ती आठवण नीट नको का? मनात म्हटलं, बाबा रे, तुला बोलता येत नसेल तिच्याशी, पण हे येतं.

शनिवार

मेणबुवांना सांगितलं. मेणबुवा म्हणजे लॅबमधले माझे भागीदार. कवळीचा मेणाचा साचा ते करतात, पुढचं अ‍ॅक्रिलिकचं काम माझं. नाव त्यांना मीच ठेवलंय. माझ्या मागे ते मला काय म्हणतात, ते मी विचारत नाही.

"पोरीला विचारलंस?" ते म्हणाले.

"बुवा, विचारून केलं तर त्याला सरप्राइज कोण म्हणेल?"

"मग बायकोला?"

"ती म्हणाली, असू दे."

"अरे, असू दे म्हणजे हात लावू नकोस."

मेणबुवांना कशातही खोट काढायची सवय आहे. मी लक्ष दिलं नाही. सोमवारी ठमी शाळेच्या सहलीला जातेय, शुक्रवारी येईल. तेवढ्यात होतं काम.

सोमवार

बस सुटेपर्यंत हात हलवत उभा राहिलो. ठमीने आईला हात केला. त्यातला थोडा मला लागला असं धरून चाललोय.

डबा पिशवीत घालून थेट लॅब.

मंगळवार

आमच्या धंद्यातला पहिला नियम, तोंडातून आलेली वस्तू आधी जंतुनाशकात. ब्रश काही तोंडातून आलेला नाही, पण तोंडावरून तर आलाय. तेव्हा आधी जंतुनाशक. मग कोमट पाणी आणि शाम्पू. मग क्षार जायला व्हिनेगरचं पाणी. मग अल्ट्रासॉनिक, म्हणजे ज्या मशीनमध्ये पाणी थरथरतं आणि कवळीच्या फटीतली घाण आपोआप सुटते ते. केवढा साबण निघाला! पाणी दुधासारखं पांढरं झालं. ते सिंकमध्ये ओतून दिलं, दुसरं घेतलं. पहिल्या पाण्याला एक मंद वास होता, लिंबाच्या सालीचा, थोडा लाकडाचा. दुसऱ्या पाण्यात तोही गेला.

शेवटी बारीक कंगव्याने विंचरलं. केस असे मोकळे झाले की गालावर फिरवून बघायचा मोह आवरेना. फिरवला. नाकाला लावून पाहिला. वास औषधालाही नाही!

आज फार दिवसांनी काम करताना शीळ घातली. मेणबुवांनी रेडिओ मोठा केला.

बुधवार

झुपका हलवला तर सरळ हातात आला. आतला जुना डिंक खरवडून काढला. मुठीची चीर थोडी रुंद करून अ‍ॅक्रिलिक भरलं. रंगाची पंचाईत होती, पण आम्ही दातांचे रंग जुळवणारी माणसं. रंगपट्टी मुठीशी धरली, तर हुबेहूब शेड सापडली. चहाबाज माणसाच्या दाढेची.

एका बाजूला अंगठ्याने झिजून खळगा पडलाय, बाप आणि आजा दोघांच्याही. तोही भरणार होतो. मेणबुवा तिकडून ओरडले, "ए, तो राहू दे." राहू दिला. पण मनातून पटलं नाही. काम म्हटलं की पूर्ण हवं.

गुरुवार

झुपका बसवला, चिकटवला. मूठ लेथवर धरून आधी प्युमिसची पूड, मग पॉलिश. पितळ उजळलं. अ‍ॅक्रिलिकच्या उरलेल्या तुकड्यातून टांगायला छोटा स्टँडही केला. हिला घरी दाखवला तर हिने हात तोंडावर नेला. "नवाच दिसतोय हो." मग थोडा वेळ हातात धरून बसली. मला बरं वाटलं. आणि खरं लिहायचं तर थोडा मत्सरही वाटला. मेलेल्या माणसाशी काय बरोबरी करणार?

उद्या येतेय ठमी. झोप येईल असं वाटत नाही.

शनिवार

काल लिहिता आलं नाही.

ठमी आली, उन्हाने रापलेली, पहिल्यांदाच बडबड करत. सरळ बाथरूममध्ये गेली. आम्ही दोघं दाराशी. मी ब्रश स्टँडवर टांगून ठेवला होता, वर दिवा लावून. तिने तो पाहिलाच नाही आधी. कपाट उघडलं, डबा काढला, झाकण उचकटलं आणि रिकाम्या डब्यात नाक घातलं. मग ब्रश दिसला. तो घेतला, नाकाशी नेला. एकदा, दोनदा, मग केसांत तोंड खुपसलं.

"धुतलात?" ती म्हणाली.

मी मूर्ख. मला वाटलं, कौतुक चाललंय. "हो! अगदी आतपर्यंत! जंतुनाशक, शाम्पू, मशीन..."

"बाबांचा वास होता त्याला."

एवढंच म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

ही आत गेली, बऱ्याच वेळाने बाहेर आली. "रोज शाळेत जायच्या आधी ती डबा उघडायची. एक श्वास घ्यायची आणि झाकण लावायची. वास उडून जाईल म्हणून दुसरा घ्यायची नाही. मी आई आहे तिची, आणि मला हे माहीत नव्हतं." मग आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसून रडलो. कांदे नव्हते.

आज सकाळी ठमी फोनवर बोलत होती. "आत्या, मी येते. परीक्षा संपली की त्या रविवारी." चोरून नाही, माझ्यासमोरच.

मंगळवार

साबण शोधतोय. हिला एवढंच आठवतं, गोल डबी, हिरवं झाकण. दुकानदार म्हणाला, ती कंपनी कधीच बंद पडली. मग त्याच्याकडचे होते नव्हते ते सगळे दाढीचे साबण हुंगले. शिंकून शिंकून नाक लाल. तो म्हणाला, "साहेब, दाढी करायची आहे की चव घ्यायची आहे?" शेवटी एक सापडला. लिंबाची साल आहे, लाकूड नाही.

लॅबमध्ये ब्रशला चोळला, वाळवला, डब्यात घालून झाकण दाबलं. मेणबुवा बघत होते, काही बोलले नाहीत. ते बोलले नाहीत की मला जास्त भीती वाटते.

बुधवार

हिने डबा पाहिला. "तिला फसवणार आहात?"

"बरं वाटावं म्हणून गं."

"तिला नाक आहे. आणि वर आता तुमच्यावर विश्वास ठेवायला जागाही राहणार नाही."

ब्रश परत धुतला. धुताना स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की इथे लिहिता येणार नाहीत.

गुरुवार

आज ठमीचं दार वाजवलं. ती भूगोल वाचत होती. मी उभ्यानेच बोललो, बसलो असतो तर उठता आलं नसतं.

"ठमे, तो वास परत आणता येणार नाही. साबणही मिळत नाही. मी शोधलं. मी घालवला तो. चुकलो."

तिने पुस्तक मिटलं नाही. "का केलंत?"

"तू आत्याकडे जाऊ नयेस म्हणून."

"मला विचारायचं ना."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"हो."

"म्हणूनच नाही विचारलं."

तिने माझ्याकडे पाहिलं. हसली नाही, पण मारक्या म्हशीसारखीही पाहत नव्हती. मग म्हणाली, "मला वाचायचंय." मी दार ओढून घेतलं. बाहेर येऊन भिंतीला टेकून उभा राहिलो. जबड्यात हात घालणारा माणूस मी, आणि बारा वर्षांच्या पोरीपुढे ही तऱ्हा.

मंगळवार

परीक्षा सुरू आहे, घरात सगळे पावलं न वाजवता चालतोय. ठमीची बॅग भरायला घेतली आहे. हिने स्वेटर घडी करून दिला, ठमीने तो परत काढून दुसरा घातला.

ब्रश स्टँडवर आहे. कुणी हात लावत नाही.

गुरुवार

आज एक घडलं. सकाळी मी इलेक्ट्रिक शेव्हर फिरवत होतो. आरशात पाहतो तर मागे ठमी.

"बाबा मशीन नव्हते वापरत."

मी शेव्हर बंद केला.

"तो ब्रश नुसता टांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "वापरा."

"तुझ्या बाबांचा आहे."

"आधी आजोबांचा होता. ते गेले, मग बाबांनी वापरला." आणि बादली उलटी घालून तिच्यावर बसली. "साबण आहे?"

तो दुकानातला काढला. तिने हुंगला. "हा वेगळाच आहे."

"हो."

"वाईट नाहीये."

मग माझी शाळा सुरू झाली. आधी कोमट पाण्यात बुडवा. असं नाही, पूर्ण. आता झटका. जोरात! (आरशावर सडा.) साबणावर गोल फिरवा, दाबू नका, केस मोडतील. कवळ्या करता ना तुम्ही, हात हलका नको का? मी मुकाट्याने सगळं केलं. गाल पांढरे झाले. ठमीने डोळे मिटले, मान तिरकी केली आणि एकदम हिरमुसली.

"आवाज येत नाहीये."

"कसला?"

"बाबांच्या गालावर फिरला की खर्र खर्र आवाज यायचा. मला अंथरुणातून ऐकू यायचा. तो थांबला की बाबा मला उठवायला यायचे. म्हणून मी झोपेचं सोंग घ्यायचे." तिने हात पुढे करून माझ्या गालावरचा फेस थोडा बाजूला केला. "तुमचे गाल गुळगुळीत झालेत."

"आत्ताच मशीन फिरवलं ना."

"मग आता रविवारपर्यंत फिरवू नका." उठली, बादली सरळ केली आणि पेपर द्यायला गेली.

तीन वर्षं झाली तरी ती तो आवाज सांभाळून आहे, आणि मी समजत होतो की सगळं त्या डब्यातच होतं.

शनिवार

दाढी वाढवतोय. पांढरी, विरळ, जागोजागी रुसलेली. मेणबुवा म्हणाले, "तब्येत बरी आहे ना? की बायकोने घराबाहेर काढलंय?" एक डॉक्टर कवळी न्यायला आले, तेही दोनदा वळून बघून गेले. ही संध्याकाळी गालाला हात लावून म्हणाली, "काटे झालेत हो." मी म्हटलं, आवाजाला तेच लागतात.

ठमीची परीक्षा काल संपली. बॅग दाराशी आहे. आत्या उद्या दुपारी घ्यायला येणार.

रविवार

सकाळी ठमीने बाथरूमच्या दारात येऊन हुकूम सोडले. "मी अंथरुणात जाते. दार थोडंसं उघडं ठेवा. मग सुरू करा."

गेली. मी ब्रश बुडवला, झटकला, साबणावर फिरवला, हलक्या हाताने. गालावर टेकवला.

खर्र. खर्र. आला की आवाज! मला स्वतःला ऐकू आला, लहानशा बाथरूममध्ये केवढा तरी. उजवा गाल झाला, डावा झाला, हनुवटी झाली. परत उजवा घेतला. थांबायची छातीच होईना. थांबलो की तिचे बाबा उठवायला जायचे. मी थांबलो की काय? मी जायचं? की ते तिला नको असेल, आवाजच फक्त हवा असेल? कुणाच्या जागेवर किती पाऊल टाकायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. फेस अगदी घट्ट होऊन लोण्यासारखा झाला. हात दुखायला लागला.

थांबलो.

घरात काही आवाज नाही. ही स्वयंपाकघराच्या दाराशी उभी, हातात कप. माझ्याकडे बघून तिने मान हलवली. जा, की नको, ते काही कळलं नाही.

गेलो. दार वाजवलं. उत्तर नाही. हळूच ढकललं. ठमी भिंतीकडे तोंड करून पांघरुणात. पापण्या घट्ट मिटलेल्या, इतक्या घट्ट की थरथरत होत्या. श्वास संथ, मोठा, मुद्दाम घेतलेला. गालावर ओल होती.

झोपेचं सोंग घेतलं होतं पोरीने. माझ्यासाठी घेतलं होतं.

"ठमे, ऊठ," एवढं कसंबसं म्हणालो.

"पाच मिनिटं," पांघरुणातून उत्तर आलं.

मी तिथेच उभा राहिलो. हनुवटीवरचा फेस तिच्या चटईवर ठिपकला. थोड्या वेळाने तिने डोळे न उघडताच विचारलं, "काका, आत्याला फोन कराल?"

"काय सांगू?"

"सुट्टीपुरतीच येते म्हणून. शाळा इथलीच."

माझ्या हातून ब्रश पडता पडता राहिला. "तू सांग की."

"मी झोपलेय."

आत्याला फोन मी केला. ती म्हणाली, बरं झालं, तिची खोली मी रंगवायला काढली नव्हतीच. ही माझ्या शेजारी उभी राहून रडत होती, हसत होती, आणि चहा थंड करत होती. फोन ठेवला तेव्हा अर्धा फेस गालावर वाळून ताणला होता. परत बाथरूममध्ये जाऊन ब्रश बुडवला, झटकला आणि पहिल्यापासून सुरू केलं, खर्र खर्र, उजवा गाल, डावा गाल, परत उजवा.

"काका, पुरे आता!" खोलीतून हाक आली. "मी उठलेय!"